साळूच्या काट्यांची वाट

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक साळींदर, त्याची बायको साळू आणि त्यांची दोन पिल्लं राहत असत. त्याच डोंगराच्या माथ्यावर गव्यांचा कळप राहत असे, पायथ्याच्या डोहात एक पाणमांजरी राहत असे, आणि एक म्हातारी हत्तीण व एक कोल्हा मनाला येईल तिथे राहत असत. गव्यांजवळ ताकद होती, हत्तिणीजवळ धीर होता, पाणमांजरीजवळ तोंड होतं आणि कोल्ह्याजवळ दुसऱ्याला हसायला वेळच वेळ होता. मग साळूजवळ काय होतं म्हणाल, तर पाठभर काळेपांढरे काटे आणि एकदा पाहिलेलं कधी न विसरणारं डोकं. एवढंच. पण बाळांनो, एवढ्यावर तिने काय केलं ते ऐका.

डोंगराच्या खाली नदी होती आणि नदीच्या काठाला हिरवंगार कुरण होतं. सगळं जंगल त्या कुरणावर चरायचं. पण नदी दर पावसाळ्यात काठ खात यायची. आज हातभर, उद्या दोन हात. म्हणून दर हिवाळ्यात गवे माथ्यावरची काही झाडं पाडत, त्यांचे ओंडके खाली आणत आणि काठाशी रचून बांध घालत. काम चांगलंच होतं. लाकूड लागणारच होतं. खोट होती ती लाकूड आणायच्या रीतीत.

गव्यांची रीत अशी, की ज्याने झाड पाडलं त्याने आपला ओंडका आपल्या वाटेने खाली न्यायचा. आणि वाट कोणती? तर नाकासमोरची. गव्यांच्यात वळसा घेणं हा मोठा कमीपणा. समोर झुडूप आलं, तुडवा. वारूळ आलं, फोडा. झरा आला, त्यातून ओंडका घसटत न्या. जो सगळ्यांत सरळ उतरेल त्याचं त्या वर्षी कौतुक व्हायचं. कळपाचा मुकादम होता एक दांडगा गवा. त्याने तर जन्मात कधी वळण घेतलं नव्हतं आणि हे तो अभिमानाने सांगायचा.

मागल्या हिवाळ्यात असे चाळीस ओंडके उतरले आणि डोंगराच्या पाठीवर चाळीस चर पडले. आषाढात पाऊस लागून राहिला तशी चाळीस चरांतून चाळीस ओहळ धावत सुटले आणि जाताना माती घेऊन गेले. झऱ्याचं पाणी विटकरी झालं. डोहात गाळ भरला. नदीचा तळ गाळाने वर आला, पाणी काठावर चढलं, आणि ज्या बांधासाठी हा सगळा खटाटोप केला होता तो बांधच एका दुपारी उलथून वाहून गेला.

साळूचं बीळ उताराच्या मध्यावर होतं. एक चर नेमका त्याच्या तोंडावर उतरला होता. साळींदरं दिवसा झोपतात, तशी चौघं आत झोपली होती. पायाला गार लागलं म्हणून साळूने डोळे उघडले, तर चिखल बिछान्यापर्यंत आलेला! साळींदराने एक पिल्लू तोंडात धरलं, साळूने दुसरं धरलं आणि दोघं मागच्या भोकातून कशीबशी बाहेर पडली. तीन वर्षांत बुडालेलं हे त्यांचं तिसरं बीळ. एका खडकाच्या कपारीत चौघं एकमेकांना चिकटून बसली.

तेवढ्यात पाणमांजरी चिखलाने माखलेली वर आली.

"साळूताई, माझा डोह पाहिलास का गं? खीर झालीये त्याची, खीर! त्यात मासा कसा जगायचा आणि मी तरी काय खायचं? मेल्या गव्यांना सांगायला गेले तर म्हणतात, 'पाऊस पडला त्याला आम्ही काय करणार!'"

साळींदर म्हणाला, "अगं, मी म्हणतो आपण दुसऱ्या डोंगरावर जाऊ."

"तिथे गवे नाहीत का?"

"असतील की."

"मग तिथेही बुडू. त्यापेक्षा इथेच काय चुकतंय ते बघते मी."

असं म्हणून साळू भर पावसात बाहेर पडली. सगळं जंगल पानाआड, ढोलीत, कपारीत अंग चोरून बसलेलं आणि ही एकटी उतारावर हिंडतेय. रोज हिंडतेय. श्रावण गेला, भादवा आला, तरी हिचं हिंडणं काही संपेना. कोल्ह्याने एका झाडाखालून विचारलं, "काय वहिनी, काही हरवलंय का?"

"पाणी कुठून जातं ते बघतेय, भावजी."

"पाणी वरून खाली जातं! हे तर मी बसल्या जागी सांगितलं असतं."

कोल्हा स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसत राहिला. साळू हसली नाही आणि रागावलीही नाही. तिला दिसत होतं ते कोल्ह्याला दिसत नव्हतं. पाणी वरून खाली जातं खरं, पण सगळीकडून सारखं जात नाही. काही जागी ते नुसतं पानांखाली मुरतं. काही जागी साचून राहतं. वरून गवत दिसतं, पण पाय ठेवला की आत जातो. आणि डोंगराची एक धार अशी होती, की कितीही पाऊस पडो, तिच्या दोन्ही अंगांनी पाणी निघून जायचं आणि ती मात्र टणक राहायची. साळू काय करायची, जिथे जमीन पक्की लागेल तिथे पाठीवरचा एक काटा उपटून सरळ उभा खोचायची. जिथे पाणी वाहतं किंवा साचतं, तिथे दोन काटे फुलीसारखे रोवायची. उभा काटा म्हणजे चालेल. फुली म्हणजे पाऊल टाकायचं नाही.

काटे गेले की परत यायला कितीतरी महिने लागतात हे तिला ठाऊक होतं. साळींदराची सगळी शानही काट्यांत आणि ढालही काट्यांत. तरी ती उपटतच राहिली. भादवा संपता संपता तिची पाठ अशी दिसू लागली, की पिल्लांनी विचारलं, "आई, तू उंदीर होणार का?"

एका संध्याकाळी ती थकून कपारीत आली आणि आपले उरलेले काटे चाचपत बसली. साळींदराने विचारलं, "काय झालं?"

"झऱ्याजवळची शेवटची बाजू राहिली आहे. काटे पुरत नाहीत हो. सतराच उरलेत, तेवढे तरी अंगावर हवेत."

साळींदर या सगळ्या उद्योगाला तीन महिने नावं ठेवत आला होता. आता तो वळला, तिच्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "माझे घे. पण उपटताना जरा बेताने."

थंडी पडली तसा मुकादम गव्याने सगळ्यांना मोठ्या बेहड्याखाली बोलावलं आणि सांगितलं, "यंदा बांध नव्याने घालायचा आहे. साठ ओंडके लागतील. पळसाचं शेवटचं फूल गळायच्या आत ते काठावर पोचले पाहिजेत. एकदा पळस गळला, की आमचा कळप पाण्यासाठी खालच्या खोऱ्यात जाणार. मग पावसाळ्यापर्यंत ओढायला कुणी नाही. तेव्हा उद्यापासून आपापली झाडं धरा आणि निघा सरळ!"

"थांबा, दादा," साळू पुढे आली. "साठ ओंडक्यांना साठ वाटा नकोत. एकच वाट करू. मी ती आखून ठेवली आहे."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. कोल्हा होता, दुसरं कोण असणार. "बघा बघा, वहिनींनी काटे पेरलेत, आता वाट उगवणार!"

कोल्ह्याला जुनी रीत फार सोयीची होती बरं का. गव्यांनी पाडलेल्या चरांत ससे अडकायचे आणि याला बसल्या जागी जेवण मिळायचं.

साळूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने एक पिंपळाचं पान जमिनीवर ठेवलं. "ही मधली शीर म्हणजे डोंगराची धार. मोठी वाट तिथून उतरेल. या बाजूच्या शिरा म्हणजे चार फाटे, जिथे झाडं दाट आहेत तिथपर्यंत जाणारे. झाड पाडायचं ते असं, की त्याचा शेंडा फाट्याकडे पडेल. गव्याने फाटा सोडून खाली उतरायचं नाही. माहुलीचा जाड वेल ओंडक्याला बांधायचा आणि वाटेवर उभं राहून त्याला ओढून घ्यायचं. झरा ओलांडायचा तो एकाच जागी, जिथे तळाला उघडा कातळ आहे तिथे."

मुकादमाने पान हुंगलं. "ही वाट लांब किती?"

"सरळ वाटेच्या दुप्पट. थोडी जास्तच."

"आणि वळणं?"

"अकरा."

कळपात कुजबुज झाली. अकरा वळणं! मुकादमाचं नाक फुरफुरलं. "साळूबाई, तू बुटकी, तुझे पाय बुटके. दुप्पट वाटेने साठ ओंडके पळस गळायच्या आत कसे पोचायचे? बांध झाला नाही तर कुरण जाईल. ते तुझ्या नावावर घालतेस का?"

"घालते."

"मग ऐक. तुझ्या वाटेने काम वेळेत झालं नाही, तर तू आणि तुझ्या माणसांनी हा डोंगर सोडायचा. पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

साळींदराने पटकन पिल्लांना जवळ ओढलं. साळूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "कबूल. पण मग वाट माझी, तर वाटेचे नियमही माझे."

आता कोण आधी जाणार? गवे एकमेकांकडे पाहू लागले. वळण घेणारा पहिला गवा व्हायचं कुणालाच नको होतं. तेव्हा इतका वेळ डोळे मिटून उभी असलेली म्हातारी हत्तीण हलली.

"मी जाते," ती म्हणाली. "चल गं पोरी, दाखव कुठे पाय ठेवू."

साळू पुढे आणि हत्तीण मागे. एवढीशी ती आणि एवढीथोरली ही. हत्तीण प्रत्येक उभ्या काट्याशी थांबायची, सोंडेने जमीन चाचपायची आणि पाऊल टाकायची. पायथ्याशी पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "साठ वर्षं या डोंगरावर फिरतेय. इतक्या उतारावरून आज पहिल्यांदा न घसरता उतरले."

काम सुरू झालं. पहिले आठ दिवस रडतखडतच गेले. गव्यांना वळणावर ओंडका वळवता येईना. शेपूट इकडे, तोंड तिकडे. वेल बांधायला वेळ लागे. सुतारपक्षी खोडावर चोच मारून सांगे, "हे पोकळ आहे, आत घरटं आहे, सोडा," की ते झाड सोडावं लागे. आठ दिवसांत फक्त पाच ओंडके पोचले. कोल्हा रोज कपारीपाशी येऊन पिल्लांना विचारायचा, "काय रे, बांधाबांध झाली का? दुसरा डोंगर पाहून ठेवलाय ना बाबांनी?"

पण सगळं ओझं एकाच वाटेवरून जात होतं, त्यामुळे ती वाट दिवसेंदिवस चोपून घट्ट झाली. वळणावर साळूने गोल दगड बसवून घेतले, ओंडका त्यांच्यावर टेकून आपोआप वळू लागला. पंधराव्या दिवशी एका गव्याच्या लक्षात आलं, की ज्या ओंडक्याला दोघं लागायचे तो आता एकटा नेतोय. त्याने हे कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो एक खेप जास्त करून आला. माघ लागला तेव्हा अडतीस ओंडके काठावर रचलेले होते आणि पळसाला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. साळींदर बायकोला म्हणाला, "अगं, होईल गं हे!"

आणि तेव्हाच अवकाळी पाऊस आला.

दोन दिवस तो झोडपत होता. तिसऱ्या दिवशी उघडला, तशी पळसाची कळी न् कळी एकदम फुलली. सगळा पायथा लाल झाला. मुकादम वेल खांद्यावर घेऊन वाटेवर आला, तर वळणावर साळू उभी.

"आज नाही, दादा. माती ओली आहे. ओल्या मातीवरून ओंडका ओढला तर वाट फाटेल. वाट फाटली की पाणी शिरलं. तीन दिवस ऊन खाऊ दे तिला."

"तीन दिवस? पळस फुललाय, दिसत नाही? बावीस ओंडके राहिलेत!"

"दिसतंय."

"तुला डोंगर सोडायचाय का?"

"नाही सोडायचा. म्हणूनच थांबा म्हणते."

तिने अंग फुलवलं. साळू अंग फुलवते तेव्हा काट्यांचा खळखळ आवाज होतो, वाघसुद्धा थबकतो. पण तिच्या अंगावर होते सतरा काटे. आवाज झाला तो वाळक्या शेंगेइतका. मागून कोल्हा म्हणाला, "दादा, कशाला वाद घालता? ही खाली नदी दिसतेय. तुमच्यासारख्याला काय अवघड आहे? सरळ उतरा!"

सरळ हा शब्द ऐकला आणि मुकादमाला राहवलं नाही. पाडून ठेवलेला सगळ्यांत मोठा सागाचा ओंडका त्याने वेलीला जोडला आणि धारेवरून बाजूला, नाकासमोर, तो उतारात घुसला. वाटेत काट्यांची एक फुली होती. तिच्यावरून तो धडाडत गेला. दहा पावलं, पंधरा पावलं. विसाव्या पावलाला हिरव्यागार गवतात त्याचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. त्याने जोर केला, तसे मागचेही गेले. हां हां म्हणता चिखल पोटाला लागला. आणि वर, त्याच्या मागे, तो मोठा ओंडका ओल्या मातीवरून हळूहळू त्याच्याच दिशेने सरकू लागला.

कोल्हा? कोल्हा तोवर कुठल्या कुठे गेला होता.

"हत्तीणआजी!" साळू ओरडली. "वाटेवरच उभ्या राहा! वाट सोडू नका, नाहीतर तुम्हीही जाल! आधी ओंडका बांधा!"

हत्तीण धारेवरच्या वाटेवर उभी राहिली. एवढा पाऊस होऊन गेला होता, तरी तिची नखंसुद्धा मातीत बुडाली नाहीत. तिने एक वेल ओंडक्यावर फेकला. साळूने तो धावत जाऊन टोकाला अडकवला आणि हत्तिणीने दुसरं टोक वाटेकडेच्या ऐनाच्या बुंध्याला आवळलं. ओंडका थांबला. मुकादमाच्या शेपटापासून तो तीन हातांवर होता. मग दुसरा वेल मुकादमाच्या शिंगांना. हत्तिणीने एक पाय मागे रोवला, मान खाली घातली आणि ओढ घेतली. असा काही आवाज झाला, जणू चिखलाने गिळलेला घास परत दिला. मुकादम वाटेवर येऊन पडला, शिंगांपासून खुरांपर्यंत काळा.

गलका ऐकून सगळे धावत आले. मग पाणमांजरी म्हणाली, "बाई गं, हा तर माझ्या डोहासारखा दिसतोय!"

साळूने हळू आवाजात विचारलं, "दादा, फुली दिसली नव्हती का?"

"दिसली होती."

"मग?"

मुकादमाने मान खाली घातली. "वळायची सवय नाही गं."

साळू त्यावर लागेल असं काही बोलू शकली असती. हक्कच होता तिचा. पण ती म्हणाली, "सवय लागेल. पाय दुखला का? आज पडून राहा. नाहीतरी तीन दिवस काम बंदच आहे."

तीन दिवस वाटेने ऊन खाल्लं. चौथ्या दिवशी पहाट फुटताच मुकादम स्वतः वेल खांद्यावर घेऊन आला आणि कळपाला म्हणाला, "आजपासून पहिलं वळण मी घेणार. माझ्यामागे या." मग काय! आता ओंडका दगडावर टेकतोय, वळतोय, सरसर खाली जातोय; एक गेला की दुसरा तयार. वाट अशी गुळगुळीत झाली होती, की सुरुवातीला दिवसाला एकही धड पोचत नव्हता तिथे आता चार पोचू लागले.

खाली नदीकाठी कोल्हा पळसाच्या बुंध्याला पाठ घासत होता. झाड हलून फुलं टपटप गळत होती. पाणमांजरीने डोहातून डोकं वर काढलं. "काय रे, इथेच बरी खाज सुटली तुला?"

"थंडीने अंग उललंय, दुसरं काही नाही."

"मग ये की पाण्यात, मी चोळून देते चांगलं," असं म्हणून तिने दात दाखवले. कोल्ह्याची खाज तिथल्या तिथे बरी झाली.

साठावा ओंडका काठावर पडला, तेव्हा पळसावर अजून ओंजळभर फुलं शिल्लक होती. गवे हंबरले. पिल्लं नाचली. सगळे घरी निघाले, तर साळू पुन्हा वाटेच्या तोंडाशी उभी.

"आता काय गं?" मुकादम म्हणाला. "काम संपलं ना?"

"ओंडक्यांचं संपलं, दादा. वाटेचं राहिलं."

तिने त्यांच्याकडून वाटेवर वीस-वीस पावलांवर मातीचे तिरपे उंचवटे करून घेतले. पाणी वाटेवरून धावू लागलं, की दर उंचवट्याशी अडेल आणि बाजूच्या पालापाचोळ्यात वळेल. झाडांच्या उरलेल्या फांद्या तिने वाटेवर अंथरायला लावल्या. या वेळी कुणी कुरकुर केली नाही. वरच्या वळणाशी हत्तीण मात्र एका जागी थांबली. तिथली माती मऊ होती, वर ऐनाच्या मुळांचं छप्पर होतं आणि उंचवटा बरोबर वरच्या अंगाला. तिने पायाच्या नखांनी दोन ढेकळं उकरली आणि म्हणाली, "पोरी, सगळ्यांसाठी वाट शोधलीस. तुझं दार इथे कर."

साळू आणि साळींदराने तिथे नवं बीळ खणलं. बाहेरची माती गव्यांनी ओढून दिली.

आषाढ आला. पाऊस लागला, मागल्या वर्षीसारखाच, रात्रंदिवस. पण डोंगरावर चाळीस ओहळ धावले नाहीत. झरा भरून वाहिला तो काचेसारखा. नदी चढली, बांधाला धडका देऊन दमली आणि कुरणाचं एक गवतही न उपटता पुढे निघून गेली. डोहात मासे परतले, आणि पाणमांजरीने पहिला मासा स्वतः न खाता साळूच्या दारात आणून ठेवला. साळू मासे खात नाही हे तिला नंतर आठवलं, तेव्हा तिने तो तिथेच बसून, गप्पा मारत मारत, स्वतःच संपवला. मुकादम गवा मात्र आठवण ठेवून कंद उकरून आणायचा. कुठेही जायचं असलं, की आता तो आधी साळूला विचारायचा, "बाई, जमीन कशी आहे तिकडची?" सगळं जंगल तिला वाटाडी म्हणू लागलं. आणि मागल्या वर्षापासून उगवत आलेले तिच्या पाठीवरचे काटे पहिल्यापेक्षा लांब झाले होते. ती चालली की असा खळखळ आवाज यायचा, की कोल्हा वाट सोडून उभा राहायचा.

एका दुपारी पाऊस फारच कोसळत होता. बिळात वाळक्या पानांवर दोन नवी पिल्लं आईच्या कुशीत झोपली होती. मोठी दोघं दाराशी बसून बाहेर बघत होती. पाण्याचा एक लोंढा वाटेवरून खाली येताना दिसला, तसं मोठं पिल्लू घाबरून उठलं.

"आई, पाणी आलं!"

"येऊ दे," साळू डोळे मिटूनच म्हणाली. "आता वळेल बघ."

लोंढा उंचवट्यापाशी आला. तिथे तो थबकला, जरासा फुगला, आणि निमूट बाजूच्या पाचोळ्यात वळून दिसेनासा झाला. पिल्लाने मागे वळून पाहिलं. आई झोपलीसुद्धा होती. पाऊस पडत असताना तीन वर्षांत ती पहिल्यांदाच निर्धास्त झोपली होती. साळींदराने तिच्या अंगावर आणखी थोडी वाळकी पानं लोटली आणि पिल्लांना ओठांवर पंजा ठेवून खुणावलं, गप्प.

तात्पर्य : जंगलातून काही घ्यायचं असेल, तर आधी तिथल्या पाण्याची आणि मातीची वाट समजून घ्यावी. जो पाहून, आखून आणि थांबून पाऊल टाकतो, त्याचं कामही वेळेत होतं आणि कुणाचं घरही मोडत नाही.